क्वार्टरबॅक कोणाचा भारी?

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या अलाबामा राज्यात व्यावसायिक फुटबॉलचा एकही मोठा संघ नाही. बास्केटबॉलचा नाही, बेसबॉलचाही नाही. सुमारे पन्नास लाख वस्तीच्या या राज्याची सगळी क्रीडाभक्ती दोन सरकारी विद्यापीठांच्या वाट्याला आली आहे. टस्कलूसा गावातले अलाबामा विद्यापीठ किरमिजी रंगाचे. तिथून अडीचशे किलोमीटरवरचे ऑबर्न निळ्या-केशरी रंगाचे. एकाची आरोळी ‘रोल टाइड’, दुसऱ्याची ‘वॉर ईगल’. कॉलेजात पाऊलही न टाकलेला माणूस इथे जन्मभर यांतल्या एकाचा असतो. नवरा एकीकडचा आणि बायको दुसरीकडची असेल, तर गाडीच्या पुढच्या बाजूला दोन्ही संघांची अर्धी-अर्धी चिन्हे असलेली पाटी लावायची पद्धत आहे. अशा पाट्या दुकानात तयार मिळतात, यावरून काय ते समजावे.

आणि वाद? वाद कशावरही सुरू होवो, थोड्याच वेळात तो क्वार्टरबॅकवर येतो. तुमचा भारी की आमचा? आमच्यातला हा भारी की तो? गेल्या वर्षीचा की साठ वर्षांपूर्वीचा? या वादाकडे बाहेरचे लोक पोरखेळ म्हणून पाहतात. मला मात्र त्यात बरीच अक्कल दिसते, आणि थोडी जाणूनबुजून केलेली विस्मृतीही.

हा खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. प्रत्येक बाजूला अकरा जण. चेंडू ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकले की पुन्हा चार प्रयत्न. पलीकडची रेषा ओलांडली की टचडाउन, म्हणजे सहा गुण. मधला खेळाडू दोन पायांमधून चेंडू मागे देतो आणि जवळजवळ प्रत्येक वेळी तो क्वार्टरबॅकच्या हातात येतो. पुढच्या अडीच-तीन सेकंदांत त्याने समोरची बचाव फळी कशी हलते आहे ते वाचायचे आणि ठरवायचे : फेकायचा, शेजाऱ्याच्या हातात द्यायचा, की स्वतः घेऊन पळायचे. तेवढ्यात सव्वाशे-दीडशे किलोचे दोघे-चौघे त्याच्या अंगावर यायला निघालेले असतात. जिंकले तर श्रेय त्याचे आणि हरले तर खापरही त्याच्याच डोक्यावर. बाकीच्या दहा जणांची नावे हळूहळू पुसली जातात.

मोठ्या दर्जाचे कॉलेज संघ १३० हून जास्त आहेत आणि नियमित मोसमात प्रत्येकाच्या वाट्याला सामने येतात बारा. म्हणजे बहुतेक संघ एकमेकांना कधी भेटतच नाहीत. राष्ट्रीय विजेता कोण, हे सुद्धा कित्येक दशके मैदानावर ठरत नसे. १९३६ पासून पत्रकार आणि १९५० पासून प्रशिक्षक मतदान करून क्रमवारी लावत आणि पहिला असेल तो विजेता. पहिल्या-दुसऱ्यात ठरवून अंतिम सामना होऊ लागला तो १९९८ पासून. चार संघांची बाद फेरी २०१४ च्या मोसमापासून आणि बारा संघांची २०२४ पासून. २००४ साली ऑबर्न तेराच्या तेरा सामने जिंकूनही अंतिम सामन्याला मुकला, कारण त्याच्या वर आणखी दोन अपराजित संघ होते. उलट अलाबामा विद्यापीठ आपल्या अठरा राष्ट्रीय विजेतेपदांत १९४१ चेही धरते, ज्या वर्षी हा संघ दोन सामने हरला होता आणि पत्रकारांच्या क्रमवारीत विसावा होता. कुठल्याशा एका गणिती क्रमवारीने त्या साली त्याला पहिला ठरवले होते, तेवढा आधार पुरला. ऑबर्नवाले हे ऐकवायची संधी सोडत नाहीत. जिथे विजेतेपदच वादाने ठरत आले, तिथे खेळाडूंची तुलना वादाशिवाय कशी होणार?

आता आकडे. कॉलेज फुटबॉलमध्ये फेकणाऱ्याचे मोल ठरवायला १९७९ पासून एक सूत्र वापरतात. फेकीतून मिळालेले यार्ड गुणिले ८.४, अधिक टचडाउन गुणिले ३३०, अधिक झेलल्या गेलेल्या फेकी गुणिले १००, वजा प्रतिस्पर्ध्याने पळवलेल्या फेकी गुणिले २००; या सगळ्याला एकूण फेकींनी भागायचे. साठ-सत्तरच्या दशकांतल्या सरासरी खेळाडूला १०० गुण मिळावेत, अशा बेताने हे गुणक ठरवले होते. आज सरासरी खेळाडूही त्याच्या बराच वर असतो, कारण खेळच बदलला : फेकी वाढल्या, त्या आखूड आणि बिनधोक झाल्या, झेलणाऱ्याला धक्का देण्यावर बंधने आली. त्यामुळे अलाबामाच्या १९६४ च्या जो नेमथचा आकडा आजच्या पोराशेजारी ठेवणे हा शुद्ध अन्याय आहे.

एकाच काळातल्या दोघांना तरी हे सूत्र लावून पाहू. अलाबामाच्या मॅक जोन्सने २०२० मध्ये ४०२ फेकींपैकी ३११ पोचवल्या, ४५०० यार्ड मिळवले, ४१ टचडाउन केले आणि फक्त ४ फेकी गमावल्या. हिशेब केला की २०३ येतात. तो त्या वेळी एका मोसमाचा विक्रम होता. ऑबर्नच्या कॅम न्यूटनने २०१० मध्ये २८० पैकी १८५ पोचवल्या. २८५४ यार्ड, ३० टचडाउन, ७ गमावल्या. येतात १८२. म्हणजे जोन्स भारी, विषय संपला?

न्यूटनने त्याच मोसमात चेंडू घेऊन स्वतः पळत १४७३ यार्ड आणि २० टचडाउन मिळवले होते. या सूत्रात त्याला शून्य किंमत आहे. जोन्स तर पळण्याच्या भानगडीतच फारसा पडत नसे. आणखी एक गंमत आहे. क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडले तर त्याला सॅक म्हणतात. व्यावसायिक फुटबॉलमध्ये असे गमावलेले यार्ड संघाच्या फेकीच्या खात्यातून वजा होतात. कॉलेजच्या नोंदींत ते त्या खेळाडूच्या पळण्याच्या खात्यातून वजा होतात. म्हणजे चेंडू हातात धरून बसलेल्या क्वार्टरबॅकचे फेकीचे रेटिंग जसेच्या तसे राहते. समोर कोण होते, पाऊस होता का, झेलणारे कसे होते, यांतले काहीही या सूत्राला माहीत नसते.

झेलणाऱ्यांचे तर वेगळेच प्रकरण आहे. गावसकर की तेंडुलकर असा वाद आपल्याकडे घालता येतो, कारण समोरून आलेला चेंडू शेवटी एकट्या फलंदाजालाच खेळायचा असतो. क्वार्टरबॅकचे यार्ड मात्र निम्मे दुसऱ्याच्या पायांनी कमावलेले असतात. त्याने पाच यार्डांवर टाकलेला चेंडू झेलून कोणी सत्तर यार्ड पळाला, तर ते सगळे फेकणाऱ्याच्या नावावर. २०१८ आणि २०१९ मध्ये अलाबामाकडे जेरी ज्यूडी, हेन्री रग्ज, डिव्हाँटा स्मिथ आणि जेलन वॉडल हे चार रिसीव्हर एकाच वेळी होते. पुढे चौघेही व्यावसायिक संघांच्या निवडीत पहिल्या फेरीत गेले. ऑबर्नवाल्यांचे म्हणणे असे की या चौघांकडे चेंडू कोणीही फेकला असता. ते पूर्ण खरे नाही, पण पूर्ण खोटेही नाही.

मग चाहते तुलना कशाच्या आधारावर करतात? माझ्या मते एकाच प्रश्नाच्या : ‘त्यांच्यासमोर’ काय केले? दरवर्षी नोव्हेंबरच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत, हे दोन संघ समोरासमोर येतात. बर्मिंगहॅम हे लोखंड-पोलादाचे शहर आणि सामना कित्येक दशके तिथेच होत असे. म्हणून त्याचे नाव आयर्न बोल पडले. पहिला सामना १८९३ साली झाला आणि ऑबर्नने तो ३२-२२ असा जिंकला. १९०७ ची लढत बरोबरीत सुटली, त्यानंतर खेळाडूंचा खर्च आणि पंच यांवरून बिनसले आणि दोन शेजारी तब्बल ४१ वर्षे एकमेकांशी खेळलेच नाहीत. १९४८ मध्ये समेट झाला. दोन्हीकडच्या विद्यार्थी नेत्यांनी बर्मिंगहॅमच्या एका बागेत खरीखुरी कुऱ्हाड पुरून भांडण मिटल्याचे जाहीर केले. मग अलाबामाने ऑबर्नला ५५-० असे धुतले आणि वैर पूर्ववत सुरू झाले. त्यात वर्गाचा कंगोराही आहे. टस्कलूसाहून वकील आणि राजकारणी निघाले, तर ऑबर्न हे मुळात शेतकीचे आणि यंत्रविद्येचे कॉलेज. अलाबामाचे प्रशिक्षक पॉल ‘बेअर’ ब्रायंट त्याला गाईगुरांचे कॉलेज म्हणून हिणवत. हे शब्द ऑबर्नवाल्यांच्या जिव्हारी लागले ते कायमचे.

या एका सामन्यात आकड्यांची कशी दाणादाण उडते, ते पाहण्यासारखे आहे. ऑबर्नचा पॅट सुलिव्हन १९७१ मध्ये हाइझमन करंडकाचा मानकरी ठरला. कॉलेज फुटबॉलमधला हा सर्वोच्च वैयक्तिक सन्मान. तो ज्याच्या नावाने दिला जातो तो जॉन हाइझमन एकेकाळी ऑबर्नचाच प्रशिक्षक होता. गुरुवारी रात्री घोषणा झाली, शनिवारी सामना होता, आणि अलाबामाने ऑबर्नला ३१-७ असे हरवले. पुढच्याच वर्षी उलटे झाले. अलाबामा १६-३ ने पुढे असताना ऑबर्नने त्यांच्या दोन किका अडवल्या, दोन्ही वेळा चेंडू डेव्हिड लँगनरच्या हाती पडला, दोन्ही वेळा तो टचडाउन करून आला आणि सामना १७-१६. त्या दिवशीच्या ऑबर्नच्या क्वार्टरबॅकचे नाव सांगायला म्हाताऱ्या ऑबर्नकरालाही थोडे थांबावे लागेल. २०१३ चा सामना तर अलाबामाच्या हुकलेल्या किकेवर संपला. शेवटच्या सेकंदाला मारलेली ती लांब किक ख्रिस डेव्हिसने आपल्या गोलरेषेमागे झेलली आणि सगळे मैदान पार करून टचडाउन केला. अलाबामाचा ए. जे. मॅकॅरन बाजूला उभा राहून पाहत होता. त्याच सामन्यात त्याने ९९ यार्डांचा टचडाउन फेकला होता, आधीच्या दोन वर्षांत दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली होती. पण ऑबर्नवाल्यांच्या आठवणीत तो राहिला तो असा नुसता पाहणारा.

मॅकॅरनला त्याच्या स्वतःच्या गोटातही पुरते श्रेय मिळाले नाही. निक सेबन २००७ मध्ये प्रशिक्षक म्हणून आले, तेव्हापासून अलाबामाची ओळख भक्कम बचाव आणि पळणारे आडदांड गडी ही होती. क्वार्टरबॅकने चुका करू नयेत, एवढीच अपेक्षा. अशांना तिकडे ‘गेम मॅनेजर’ म्हणतात, आणि म्हणताना थोडे नाक मुरडतात. २०१६ साली टेक्ससहून आलेला जेलन हर्ट्स पहिल्याच वर्षी खेळू लागला. पळण्यात वाघ, फेकीत कच्चा, डोके मात्र थंड. सामन्यामागून सामने तो जिंकत गेला. हरला तो एकदा राष्ट्रीय अंतिम सामन्यात आणि एकदा, २०१७ मध्ये, ऑबर्नकडून. पहिला पराभव लोकांनी माफ केला.

८ जानेवारी २०१८, अटलांटा. राष्ट्रीय अंतिम सामना, समोर जॉर्जिया. मध्यंतराला अलाबामा १३-० ने मागे. हर्ट्सच्या आठ फेकींपैकी तीनच पोचलेल्या, यार्ड २१. सेबन यांनी त्याला बसवले आणि हवाईहून आलेल्या एकोणीस वर्षांच्या डावखुऱ्या टुआ टॅगोव्हायलोआला उतरवले. तोवर त्याने कॉलेजच्या एकाही सामन्याची सुरुवात केलेली नव्हती. टुआने एक फेक जॉर्जियाच्या हातात दिली, पण सामना वीस-वीसवर आणला. जादा वेळात जॉर्जियाने आधी तीन गुण घेतले. कॉलेजच्या नियमाप्रमाणे जादा वेळात प्रत्येक संघ पंचवीस यार्डांवरून सुरू करतो. अलाबामाचा पहिलाच प्रयत्न : टुआला झेलणारा मोकळा दिसेना, चेंडू फेकून द्यावा हे सुचेना, तो मागे-मागे सरकत राहिला आणि सोळा यार्ड गमावून आडवा झाला. एवढ्या अंतरावरून किक मारणेही कठीण. अनुभवी खेळाडूने अशी चूक केली असती तर तिथेच त्याचे नाव संपले असते. पुढच्या प्रयत्नात टुआने आधी उजवीकडे नजर लावली, बचावातला शेवटचा गडी त्या नजरेला फसून क्षणभर रेंगाळला, आणि चेंडू डावीकडून धावणाऱ्या डिव्हाँटा स्मिथच्या हातात पडला. ४१ यार्ड, टचडाउन, २६-२३.

त्या रात्रीनंतर अलाबामात घरोघरी दोन तट पडले. हर्ट्सवाले म्हणत, सामन्यांमागून सामने जिंकलेल्या पोराला एका अर्ध्या सामन्यावरून बसवता? टुआवाले म्हणत, डोळे आहेत ना? हातच्या काकणाला आरसा कशाला? २०१८ च्या मोसमात टुआ खेळला आणि हर्ट्स बाकावर बसला. दुसरीकडे निघून जाण्याची मुभा असूनही तो राहिला. डिसेंबरमध्ये त्याच अटलांटात, त्याच जॉर्जियासमोर, विभागीय अंतिम सामन्यात अलाबामा सात गुणांनी मागे असताना टुआ जखमी झाला. हर्ट्स उतरला, नऊपैकी सात फेकी, एक टचडाउन फेकून, दुसरा स्वतः पळून, ३५-२८. एरवी दगडी चेहऱ्याचे सेबन मुलाखत देताना गहिवरले. मग हर्ट्स पदवी घेऊन ओक्लाहोमाला गेला, पुढच्या वर्षी हाइझमनच्या मतदानात दुसरा आला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सकडून सुपर बोलचा, म्हणजे व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. टुआनेही २०२३ मध्ये व्यावसायिक लीगमध्ये सर्वाधिक यार्ड फेकले, पण डोक्याला बसलेल्या माराने त्याची कारकीर्द वारंवार खुंटली. वाद मिटला म्हणावे तर तेही नाही. सुपर बोल जिंकणारा हर्ट्स हा २०१८ च्या जानेवारीतला हर्ट्स नव्हता. मधल्या सात वर्षांत तो फेकायला शिकला. त्या रात्री सेबन यांचा निर्णय बरोबर होता, आणि हर्ट्सला कमी लेखणारे चूक होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. चाहत्यांना असे उत्तर आवडत नाही.

तुलनेच्या या परंपरेला एक काळी किनार आहे. अलाबामाच्याच हंट्सव्हिल शहरातला काँड्रेज हॉलोवे १९७१ च्या सुमारास राज्यातला नावाजलेला शालेय क्वार्टरबॅक होता. ब्रायंट यांनी त्याला आपल्या संघात बोलावले, पण स्पष्ट सांगितले की कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक स्वीकारायला अलाबामा अजून तयार नाही. दुसऱ्या जागी खेळावे लागेल. हॉलोवे शेजारच्या टेनेसी राज्यात गेला आणि १९७२ मध्ये अलाबामा-ऑबर्नच्याच विभागातला पहिला कृष्णवर्णीय मुख्य क्वार्टरबॅक झाला. फेकणारा ‘हुशार’ आणि पळणारा ‘नुसता ताकदीचा’ ही विभागणी वर्षानुवर्षे रंगावरून होत आली. सूत्रात पळण्याला शून्य किंमत असणे हा कदाचित योगायोग असेल, पण वादात पळण्याला कमी किंमत असणे हा योगायोग नव्हता. अलाबामाच्या पहिल्या हाइझमन-विजेत्या क्वार्टरबॅकसाठी २०२१ साल उजाडावे लागले. तो ब्राइस यंगही कृष्णवर्णीय आहे.

यंगचे उदाहरण आकड्यांच्या भक्तांनी जरूर अभ्यासावे. २०२१ चा आयर्न बोल ऑबर्नच्या मैदानावर होता. तीन सत्रे संपली तेव्हा अलाबामाचा एकही गुण नव्हता. ऑबर्नच्या पोरांनी यंगला सात वेळा पाडले. शेवटी १०-३ अशा स्थितीत, दीड मिनिट उरले असताना, स्वतःच्या तीन यार्डांच्या रेषेवर त्याच्या हातात चेंडू आला. ९७ यार्ड चालून जायचे होते. तो गेला, चोवीस सेकंद बाकी असताना टचडाउन, बरोबरी, आणि जादा वेळाच्या चौथ्या फेरीत २४-२२. त्या दिवशी त्याने ५१ पैकी जेमतेम २५ फेकी पोचवल्या. सूत्रात घालून पाहिले तर रेटिंग ११० च्या आसपास येते, म्हणजे सुमार. पण यंगचा कोणता सामना सर्वांत मोठा, असे कोणत्याही अलाबामाकराला विचारा. तो याच सामन्याचे नाव घेईल. तो चुकतो आहे असे मला वाटत नाही. बारा सामन्यांच्या मोसमात निम्मे प्रतिस्पर्धी दुबळे असतात आणि आकडे तिथे फुगतात. सात वेळा जमिनीवर आपटल्यानंतरची शेवटची दीड मिनिटे कोणत्याही बेरजेत मावत नाहीत.

याच न्यायाने २०१० कडे पाहावे लागते. न्यूटन आधी फ्लोरिडाला होता, तिथून टेक्ससच्या एका लहान कॉलेजात गेला आणि मग ऑबर्नला आला. त्याच्या वडिलांनी दुसऱ्या एका विद्यापीठाकडे मुलासाठी पैसे मागितल्याचे प्रकरण मोसमाच्या मध्यात बाहेर आले. न्यूटनला किंवा ऑबर्नला ते ठाऊक असल्याचा पुरावा मिळाला नाही आणि त्याला खेळू दिले. टस्कलूसाच्या मैदानावर तो सरावाला उतरला तेव्हा ध्वनिक्षेपकावर पैसे घेऊन पळण्याविषयीचे जुने गाणे लावले गेले. दुसऱ्या सत्रात अलाबामा २४-० ने पुढे. मग ऑबर्नने सामना फिरवला : न्यूटनचे तीन टचडाउन फेकून, एक पळून, २८-२७. अलाबामाच्या ग्रेग मॅकेलरॉयने त्या दिवशी न्यूटनपेक्षा कितीतरी जास्त यार्ड फेकले होते. आणि ज्या क्षणी सामना हातचा जाणार होता, त्या क्षणी न्यूटन मैदानावर नव्हताच. अलाबामाचा मार्क इंग्रम मोकळा सुटला असताना ऑबर्नच्या अँटवान कार्टरने मागून गाठून त्याच्या हातातला चेंडू उडवला. तो चेंडू बाजूच्या रेषेला समांतर, सरळ, वीसेक यार्ड घरंगळत गेला आणि गोलरेषेपलीकडून बाहेर पडला, त्यामुळे ऑबर्नला मिळाला. वाटेत हातभर बाहेरच्या बाजूला वळला असता तर तो अलाबामाचाच राहिला असता. चाहत्यांची विस्मृती म्हणतात ती ही. ‘कॅमबॅक’ हे त्या सामन्याचे टोपणनाव सगळ्यांच्या तोंडी आहे. कार्टरचे नाव घ्यायला ऑबर्नचाच माणूस लागतो.

त्या पराभवाने चिडून अलाबामाच्या एका माथेफिरू चाहत्याने ऑबर्न गावातल्या चौकातल्या दोन ओक वृक्षांना तणनाशक घातले. विजयानंतर ऑबर्नवाले त्या झाडांवर टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या फेकून जल्लोष करत. जानेवारी २०११ मध्ये त्याने रेडिओवरच्या कार्यक्रमात फोन करून स्वतःच ते सांगितले. तुरुंगात गेला, झाडे वाचली नाहीत, २०१३ मध्ये ती काढावी लागली. शहाण्या अलाबामाकरांना अजून त्याची लाज वाटते.

आता खेळाडू एका कॉलेजचा राहीलच असे नाही. ऑबर्नचा बो निक्स २०१९ मध्ये पहिल्याच वर्षी अलाबामाला ४८-४५ असे हरवून गेला. त्याचे वडील पॅट्रिक निक्स १९९३ मध्ये ऑबर्नकडून ऐनवेळी उतरून आयर्न बोल जिंकलेले. म्हणजे घरचाच मुलगा. तोही ओरेगनला निघून गेला आणि तिथे जास्त चमकला. २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना जाहिरातींतून उघडपणे पैसे घेता येतात, एक वर्ष वाया न घालवता संघ बदलता येतो. न्यूटनच्या वडिलांवर ज्यासाठी गहजब झाला, ते आज करारपत्रावर होते. तुलनेत त्यामुळे नवी भर पडली आहे : हा ‘आपला’ किती वर्षे होता? हर्ट्सवर ओक्लाहोमाही हक्क सांगते, निक्सवर ओरेगन. आपला तो बाब्या हे खरे, पण बाब्या कोणाचा हेच आता ठरत नाही.

एवढे पाल्हाळ लावल्यावर मत न देणे बरे दिसणार नाही. व्यावसायिक यशावर मोजायचे तर अलाबामापुढे ऑबर्न टिकत नाही : बार्ट स्टार, नेमथ, केन स्टेबलर आणि हर्ट्स, चौघांनीही सुपर बोल जिंकला आहे. हाइझमन मिळवलेले क्वार्टरबॅक मोजायचे तर ऑबर्नचे दोन आणि अलाबामाचा एक. पण एकाच कॉलेज मोसमाचा प्रश्न असेल, तर मी २०१० च्या न्यूटनचे नाव घेईन. जोन्सच्या २०२० च्या संघातले सहा खेळाडू पुढच्या निवडीत पहिल्या फेरीत गेले आणि त्यांतले पाच आक्रमण फळीतले होते. न्यूटनच्या आक्रमण फळीतला, तो स्वतः सोडून, पहिल्या फेरीत कोणीच गेला नाही. तरीही तो संघ चौदाच्या चौदा सामने जिंकला. अलाबामाकरांना हे मान्य नसेल तर त्यांनी जोन्सचे २०३ खुशाल पुढे करावेत. फक्त त्यांतून स्मिथ आणि चेंडू घेऊन पळणारा नॅजी हॅरिस वजा करावेत, आणि समोरच्या खात्यात ते पळून कमावलेले १४७३ यार्ड मांडायला विसरू नये.